कळ

एखादी वस्तु मेली असें जाहीर करण्याची आपणां सर्वांना मोठी घाई असते. घड्याळ थांबलें, कीं "संपलें त्याचें!" असें म्हणून आपण मोकळे होतों. माझ्या अभ्यासाच्या खोलींतला संगणक गेल्या महिन्यांत एका सकाळीं जागा होईना, तेव्हां आमच्या घरांत हेंच झालें. 2004 सालीं घेतलेलें तें यंत्र. कळ दाबली, पण दिवा नाहीं, कीं पंख्याची घरघर नाहीं. चिरंजीव म्हणाले, "बाबा, आतां भंगारांत देऊन टाका." एका दुकानदारानें तर पेटी न उघडतांच निदान केलें, "मदरबोर्ड गेला, सर. यांत आतां कांहीं राम नाहीं."

मला तें पटेना. निदान पटवून घ्यावेसें वाटेना. त्या यंत्रांत माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, आठवणी होत्या. त्यांनीं सांगाव्या व मीं टंकित कराव्या, अशा त्या त्यांच्या अखेरच्या दोन वर्षांत जमल्या होत्या. मीं युनिकोड वापरूं लागण्यापूर्वींचा तो फॉण्ट. दुसऱ्या संगणकावर ती फाइल उघडली, कीं मराठीच्या जागीं रोमन अक्षरांचा नुसता चिवडा दिसे.

सोपें तें आधीं तपासावें, अवघड तें मागाहून, हा माझा जुना नियम. त्याच सॉकेटला टेबलावरचा दिवा लावून पाहिला, तो पेटला. केबल बदलली, फरक नाहीं. मग केबल काढून पेटी उघडली. धूळ वीस वर्षांची होती, परंतु मदरबोर्डावरच्या कपॅसिटरांचे माथे सपाट होते. एकहि फुगलेला नव्हता. पुढें एस्.एम्.पी.एस्.कडून येणारा तारांचा जाड जुडगा सोडविला. त्यांतली हिरवी तार एकच असते. ती एका काळ्या तारेशीं वांकविलेल्या टाचणीच्या क्लिपनें जोडली, आणि मगच वीज दिली. पंखा फिरूं लागला! वीजपुरवठा तर जिवंत होता.

राहिली ती पुढची कळ. वास्तविक ही कळ स्वतः वीज सोडीत नाहीं. यंत्र झोपलेलें असतांहि 5 व्होल्टांचा एक धागा आंत जागाच असतो. कळ दोन खिळ्यांना क्षणभर जोडून त्याला फक्त हांक मारते. क्लिप काढली, जुडगा पुन्हां बसविला आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानें ते दोन खिळे क्षणभर जोडले. यंत्र खडबडून जागें झालें. आंत सारें शाबूत होतें; बिघडली होती ती केवळ हांक मारणारी कळ.

मी तसाच बसून राहिलों. अण्णाहि असेच हळूहळू बोलेनासे झाले होते. "बरें वाटतें का? औषध घेतलें का?" ह्या आमच्या रोजच्या प्रश्नांना उत्तर येत नसे, आणि त्यांची स्मृति गेली, असें आम्हीं परस्पर ठरवून टाकलें होतें. एका दुपारीं मीं सहज विचारलें, "अण्णा, आपल्या वाड्यांतली विहीर किती पुरुष खोल होती हो?" अण्णांनीं मान वर केली, आणि दोन तास ते बोलत राहिले. दुसऱ्या दिवसापासून मी संगणकापुढें बसूं लागलों. मात्र त्यापूर्वींचे कित्येक महिने आम्हीं तीच बिघडलेली कळ दाबीत घालविले होते, आणि ते कांहीं परत मिळाले नाहींत.

रीसेटच्या कळीच्या तारा मीं आतां त्या दोन खिळ्यांवर चढविल्या आहेत. काम चोख चालतें. आंतली 3 व्होल्टांची नाण्याएवढी बॅटरी मात्र खरोखरच संपली होती. त्यामुळें यंत्राचें घड्याळ मागें गेलें होतें, आणि पडद्यावर तारीख उमटली ती 1 जानेवारी 2004.

त्या दिवशीं अण्णा हयात होते. मीं तारीख दुरुस्त केली नाहीं. आधीं त्यांची फाइल उघडली.