दिलीपाचा दोष

आमच्या तालुक्याच्या गावी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या भिंतीवर ‘कृत्रिम रेतन केंद्र’ अशी अक्षरे रंगवलेली आहेत. महाविद्यालयात जाता-येता ती मी वर्षानुवर्षे वाचत आलो. पुढे 2022च्या जून महिन्यात जिल्ह्याच्या गावी एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी आम्हा उभयतांसमोर कागदावर गर्भाशयाचे चित्र काढून ‘आययूआय’ समजावून सांगितले, तेव्हा मनात पहिल्यांदा हाच शब्द उमटला, आणि मी ओशाळलो. उभे आयुष्य मराठी शिकवण्यात घालवलेल्या माणसाला या उपचारासाठी रुळलेला शब्द आठवावा, तो गाईम्हशींसाठीचा! ‘वांझ’ हा शब्द मात्र चटकन आठवतो. तो बाईला लागतो, गाईला लागतो, जमिनीला आणि झाडालाही लागतो. पुरुषाला लागत नाही. पुरुष फार तर ‘निपुत्रिक’ असतो, आणि त्यात दोषापेक्षा दैवाचाच भाग अधिक.

हे सारे लिहिण्याचे कारण असे, की अलीकडे एका तरुण सहकाऱ्याने विभागाचे दार लोटून घेत हळूच विचारले, “सर, तुम्ही यातून गेला आहात असं कळलं. नेमकं काय होतं तिथे?” त्याला तासाभरात जे सांगता आले, आणि जे सांगता आले नाही, ते येथे मांडतो आहे.

प्रथम तपासण्या. पत्नीच्या रक्तातील संप्रेरके पाहतात आणि गर्भनलिका मोकळ्या आहेत की नाहीत, हे एक्स-रेखाली द्रव सोडून तपासतात. दोन्ही नलिका बंद असतील, तर हा उपचार निरुपयोगी. कारण बीजांड आणि शुक्राणू यांची भेट शेवटी त्या नलिकेतच व्हायची असते. पतीची तपासणी त्यामानाने अगदीच सोपी, वीर्याच्या एका नमुन्याची. तरीही पुष्कळ घरांत ती सर्वांत शेवटी होते. आमच्याकडेही तसेच झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021च्या निकषांनुसार एका मिलिलिटरमध्ये किमान 1 कोटी 60 लाख शुक्राणू अपेक्षित असतात. माझ्या अहवालात 90 लाख होते. एका अहवालावर भिस्त ठेवू नये, असे सांगून बाईंनी काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी करवली. आकडा फारसा हलला नाही.

त्यानंतरचा क्रम असा. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पत्नीला पाच दिवस गोळ्या. नवव्या-दहाव्या दिवसापासून एक-दोन दिवसांआड सोनोग्राफी. तीत बीजांड ज्या पुटिकेत वाढते तिचा आकार मोजतात. तो 18 ते 20 मिलिमीटर झाला, की बीजांड सुटण्यासाठी एक इंजेक्शन देतात आणि सुमारे 36 तासांनी प्रत्यक्ष उपचार. एकाच वेळी फार पुटिका वाढल्या, तर जुळ्या-तिळ्यांच्या धोक्यामुळे तो महिना सोडून द्यावा लागतो, याचीही तयारी असावी. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर, येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, असा फलक असतो. मूलच होत नसलेली माणसे त्या फलकाखाली तासन्‌तास बसतात.

उपचाराच्या दिवशी पतीने नमुना द्यायचा. त्यापूर्वी दोन ते पाच दिवसांचा संयम पाळायचा असतो. घरून आणायचा तर तासाभरात, डबी अंगाच्या उबेत धरून. आम्ही दूरच्या गावचे. त्यामुळे मला तिथल्याच एका लहानशा खोलीत पाठवले. बाहेर लोकांचा वावर, भिंतीपलीकडे कोणाचा तरी फोन वाजतो आहे, आणि आपल्या हातात नाव लिहिलेली प्लास्टिकची डबी. त्या खोलीत पुरुषाचा सारा अभिमान गळून पडतो. नाव नीट वाचून घ्यावे, एवढाच माझा व्यावहारिक सल्ला. प्रयोगशाळेत तो नमुना धुऊन, यंत्रात फिरवून चपळ शुक्राणू वेगळे काढतात. त्यात सुमारे तासभर जातो. मग अर्धा मिलिलिटर द्रव एका मऊ, बारीक नळीने गर्भाशयात सोडतात. भूल लागत नाही. थोडी कळ येते, क्वचित रक्ताचा डाग दिसतो. काही मिनिटांचे काम. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटे पडून राहायला सांगतात; पण पुढे अंथरूण धरून बसण्याची गरज नसते. पत्नी दुसऱ्या दिवशी शाळेत शिकवायला गेली.

खरा उपचार म्हणजे पुढचे चौदा दिवस. आधीच्या इंजेक्शनमधले संप्रेरक आणि गर्भचाचणी जे शोधते ते संप्रेरक एकच असल्यामुळे उतावीळपणे केलेली चाचणी खोटा होकार देऊ शकते. म्हणून थांबायचे. यशाचे प्रमाण एका खेपेला साधारणतः शंभरात दहा ते वीस, आणि स्त्रीचे वय वाढेल तसे आणखी कमी. हे ऐकून खचू नये. निरोगी तरुण जोडप्यालाही दर महिन्याला शंभरात वीस-पंचवीसच संधी असते. निसर्गही बहुतेक महिने नापासच करतो. तीन-चार खेपांनंतर बहुधा टेस्ट ट्यूबचा विचार सुचवतात. दात्याचे वीर्य वापरायचे, तर 2021च्या कायद्याप्रमाणे ते नोंदणीकृत पेढीतून आणि उभयतांच्या लेखी संमतीनेच घ्यावे लागते.

एवढे मी सहकाऱ्याला सांगितले. न सांगितलेले पुढे आहे.

माझा अहवाल मी घरी कपाटात, जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली ठेवला होता. आई पत्नीकडून सोळा सोमवार करवून घेत होती. मी काही बोललो नाही. पत्नीही बोलली नाही. ते माझे गुपित आहे, असे तिने मानले. ऑगस्टमध्ये चुलतबहिणीचे डोहाळजेवण होते. ओटी भरायला एकेकीला पुढे बोलावत होते. पत्नीची पाळी आली, तेव्हा कोणीतरी तिच्या हाती पेढ्यांचे तबक देऊन तिला स्वयंपाकघरात धाडले. मी बाहेरच्या खोलीतून ते पाहिले. तेव्हाही मी बोललो नाही.

त्याच सुमारास महाकाव्याची लक्षणे शिकवण्यासाठी ‘रघुवंश’ पुन्हा काढले होते. दिलीप राजाला मूल नाही. तो राणीसह वसिष्ठांच्या आश्रमात जातो. वसिष्ठ ध्यान लावून कारण सांगतात, आणि ते कारण राणीत नसते. इंद्राकडून परतताना राजाचे मन ऋतुस्नात सुदक्षिणेकडे लागले होते. त्या घाईत वाटेवरच्या सुरभीला प्रदक्षिणा घालायची राहिली. तिने शाप दिला. पण आकाशगंगेच्या घोषात तो राजाला ऐकूच आला नाही. आता हे कळल्यावर राजा काय करतो? नंदिनीच्या मागे एकवीस दिवस रानोमाळ हिंडतो. सुदक्षिणा सकाळी गाईला पूजून पोचवायला जाते, संध्याकाळी सामोरी येते. व्रत दोघांचे, पण वणवण दिलीपाची. हा सर्ग मी पूर्वी कितीदा शिकवला होता. दोष राजाचा आहे, हे वाक्य मात्र त्या वर्षी पहिल्यांदा वाचल्यासारखे वाटले. दिलीपाला शाप ऐकू आला नव्हता. मला तर तो छापील स्वरूपात, सहीशिक्क्यानिशी मिळाला होता.

तिसरी खेपही वाया गेली, त्या रात्री मी आईला सांगितले. ती बराच वेळ वाती वळत राहिली. मग म्हणाली, “मग इतके सोमवार तिला उपाशी का ठेवलंस?”

मला उत्तर देता आले नाही. आजही येत नाही.

चौथ्या खेपेला आई आमच्याबरोबर आली. फलकाखालच्या बाकावर भाकरीचा डबा मांडीवर घेऊन बसली. सिस्टरने “पेशंट कोण?” म्हणून विचारले, तेव्हा “दोघंही,” असे तिनेच सांगितले. चौदा दिवसांनी चाचणी नकारात्मक आली. त्यानंतर आम्ही थांबलो. टेस्ट ट्यूबच्या वाटेला गेलो नाही. तो निर्णय पैशांचा होता, तसाच थकव्याचाही. त्यात ना त्याग होता, ना तत्त्व.

सहकारी परवा पुन्हा भेटला. तपासणीची तारीख मिळाली म्हणाला. आधी कोणाची, असे मी विचारले. “माझी,” तो म्हणाला.