रंग उतरलेली बदकं

नांदूर मधमेश्वरला कधी यावं, असं कुणी विचारलं की बहुतेक जण डिसेंबर-जानेवारी सांगतात. थंडी पडलेली असते, बदकं ऐन रंगात असतात, फोटो चांगले येतात. मी मात्र ऑक्टोबर सांगतो, आणि आग्रहाने सांगतो. ज्याला पक्षी ओळखायची विद्या खरोखर शिकायची आहे, त्याने दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत इथल्या थडीवर यावं. कारण त्या दिवसांत बदकं आलेली असतात, पण त्यांचे रंग आलेले नसतात.

उत्तरेकडे वीण आटोपली की नर बदकं आपला भरजरी पिसारा टाकून देतात. उडण्याची मोठी पिसंही एकदमच गळतात आणि तीन-चार आठवडे त्यांना उडताच येत नाही. अशा वेळी झगमगीत रंग म्हणजे जिवाशी गाठ, म्हणून अंगावर मादीसारखा मळकट तपकिरी वेष येतो. पंखांची पिसं पुन्हा भरली की ती दक्षिणेचा रस्ता धरतात, पण अंगावरचा वेष बराच काळ तोच राहतो. भुवई बदकाचं तर विचारूच नका. ज्या पांढऱ्याशुभ्र भुवईवरून त्याला नाव मिळालं, ती नराला हिवाळा सरता सरता परत येते. आपल्याकडे लवकर पोहोचणाऱ्या बदकांत हेच पुढे असतं, म्हणजे ऑक्टोबरभर समोर असतात ती भुवई नसलेली भुवई बदकं. शेजारी चक्रांग, थापट्या, तलवार बदक. सगळी एकाच मातीच्या रंगाची.

पुस्तकातल्या चित्रांवर भिस्त ठेवणारा इथे अडतो. चित्रात नर ठळक आणि मोठा असतो, आपली नजर त्यालाच सरावलेली असते. तो नर समोर नसतो तेव्हा पक्षी कशावरून ओळखायचा? गल्लीच्या टोकाला पाठमोरा चाललेला माणूस आपण चालीवरून ओळखतो, तसाच. आधी आकार. हळदी-कुंकू बदक बाराही महिने इथलंच. त्याच्या चोचीचं पिवळं टोक आणि बुडाशी असलेले लाल ठिपके ऑक्टोबरातही जागच्या जागी असतात. मी त्याला मापाचं बदक मानतो. त्याच्या शेजारी पोहणारं बदक त्याच्या निम्म्याहून थोडंसंच मोठं दिसलं, तर ते चक्रांग किंवा भुवई बदक. बारीक मान उंच करून बसलेलं, चोच राखाडी, शेपूट टोकदार, ते तलवार बदक. थापट्या तर चोच पाण्याला लावून, डोकं डावीकडे-उजवीकडे फिरवत पुढे सरकतो. फावड्यासारखी ती चोच कुठल्याच ऋतूत लपत नाही.

चक्रांग आणि भुवई बदकात घोळ होतो, तेव्हा मी चेहरा पाहतो. भुवई बदकाच्या चेहऱ्यावर पट्टे असतात, डोळ्यातून एक गडद रेघ जाते आणि चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका असतो. चक्रांगचा चेहरा त्या मानाने साधा, पण शेपटीच्या बुडाला बाजूने एक फिकट रेघ. ही रेघ दिसायला ऊन पाठीशी हवं. म्हणून सकाळी पूर्वेकडून पश्चिमेकडे पाहावं आणि दुपारी चारनंतर उलट. जागा बदलायचा कंटाळा केला तर समोर फक्त काळ्या आकृत्या उरतात.

खरी परीक्षा मात्र भोवत्या येतो तेव्हा. पाणकणसांवरून हा शिकारी पक्षी पंख इंग्रजी व्हीसारखे वर धरून संथ तरंगत येतो, आणि अख्खा थवा एका झपाट्यात उठतो. हौशी लोक या क्षणी कॅमेरा शोधतात. मी दुर्बीण पंखांवरून हलवत नाही, कारण अंगाचा रंग उतरला तरी पंखांचा उतरत नाही. भुवई बदकाच्या नराच्या पंखाचा पुढचा भाग फिकट निळसर-राखाडी, त्यामागे हिरवी पट्टी आणि तिच्या दोन्ही बाजूंना पांढरी कड. थापट्याच्या नराचा निळा भाग आणखी ठसठशीत. गडवालच्या पंखावर अंगालगत एक लहानसा पांढरा चौकोन. थवा एक फेरी मारून पुन्हा पाण्यावर उतरेपर्यंत जेमतेम अर्धा मिनिट मिळतो, तेवढ्यात जो चार पंख नीट वाचतो तो या विद्येत तयार झाला असं मी समजतो. एरवी जो भोवत्या बदकांच्या मुळावर येतो, तोच मला त्यांची ओळख पटवून देतो.

बदकांच्या आधी येतात ते चिखलावरचे पक्षी. तुतारी ऑगस्टमध्येच कालव्याच्या कडेला दिसू लागते. ती उभी असली तरी शेपटीकडचा भाग सतत वर-खाली करते, आणि उडते ती पाण्याला चिकटून, पंख खाली वाकवून, थरथरत्या ठेक्यात. एवढं पाहिलं की रंगाकडे बघायचं कारणच उरत नाही. हिरवी आणि ठिपकेवाली तुतारी एकत्र दिसल्या तर उडू द्याव्यात: हिरवीचा पंख खालून काळपट, ठिपकेवालीचा फिकट. दोघींच्या हाकाही वेगळ्या. ठिपकेवाली घाईघाईने चिफ-चिफ-चिफ करत निघते. छोट्या टिलव्याचे पाय काळे आणि त्याच्या टेमिंक नावाच्या भावंडाचे पिवळसर, असं पुस्तक सांगतं आणि बरोबरच सांगतं. पण इथला गाळ पायांना लागला की दोघेही काळ्याच पायांचे होतात. मग पाठीकडे पाहावं. टेमिंकची पाठ सपाट, मातकट, छोट्याची खवल्याखवल्यांची.

हा चिखल कधी उघडा पडेल ते पाटबंधारे खात्याच्या हातात असतं. गोदावरी आणि कादवेच्या संगमापाशी इंग्रजी आमदानीत बंधारा झाला, त्यामागे गाळ साचत गेला आणि त्या गाळाच्या बेटांवरच हे पक्ष्यांचं गाव वसलं. 1986 मध्ये ते अभयारण्य झालं, पुढे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. पण पाणी अजूनही वरून येतं. गंगापूर, दारणा, पालखेडमधून विसर्ग सुरू असेल तर बंधाऱ्यातून जायकवाडीकडे लोंढा जात असतो, चिखल पाण्याखाली असतो आणि पक्षी विखुरतात. म्हणून इथे यायच्या आदल्या संध्याकाळी मी हवामानाआधी क्युसेकचे आकडे बघतो. कालव्यांना आवर्तन सुटून पाणी हाताभर उतरलं की मांजरगावच्या बाजूला चिखलाच्या जिभा बाहेर येतात. तो दिवस सोडू नये.

आणि विखुरलेले पक्षी शोधायचे तर चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यांवर बसून राहण्यात अर्थ नाही. ऑक्टोबरात सगळा निफाड तालुकाच पाणथळ असतो. द्राक्षबागांची गोडी छाटणी चालू असते, ब्लोअरचा आवाज येत असतो, आणि बांधापलीकडच्या सोयाबीन काढलेल्या ओल्या वावरात पिवळे धोबी शेपटी हलवत फिरत असतात. बेशरमाच्या झुडपाखाली, ओलसर सावलीत शंकर पक्षी दिसतो. गळ्याचा निळा रंग अजून भरायचा असतो, पण शेपटीच्या बुडाची तांबूस जागा तो उडताना दाखवतोच. शेतमालकाला विचारल्याशिवाय बांधावर पाय ठेवू नये. ‘काका, पाखरं बघायला आलोय, जाऊ का?’ एवढं विचारलं तरी पुरतं. उलट ‘तिकडं उसाच्या कडेला काल मोठी पाखरं बसली होती,’ अशी बातमीही मिळते.

वहीत मी ‘ओळख न पटलेली बदकं’ असा एक रकाना ठेवतो आणि तो ऑक्टोबरात बराच भरतो. तो मोकळा ठेवण्यासाठी अंदाजाने नावं लिहिणं मला मान्य नाही. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, तिचे आकडे देशोदेशींचे अभ्यासक वापरतात. तिथे चुकीच्या नावापेक्षा नुसतं ‘बदक, 340’ लिहिलेलं बरं. मोजताना आधी दहा पक्षी नीट मोजावेत, त्या दहांची जागा डोळ्यांत भरून घ्यावी आणि मग त्या मापाने थवा पुढे सरकत मोजावा. गणनेत पहिल्यांदाच येणाऱ्या मुलांना मी ऑक्टोबरातच घेऊन येतो आणि हळदी-कुंकू बदकापासून सुरुवात करायला लावतो.