चिठ्ठीवरचे कोकण

हावड्यातील शिबपूर येथे 1787 मध्ये रॉबर्ट किड यांनी सुरू केलेल्या आणि आज आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे नाव असलेल्या उद्यानात केंद्रीय राष्ट्रीय हर्बेरियम, म्हणजे दाबून वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे. त्यातील सुमारे वीस लाख नमुन्यांपैकी काहींच्या प्रतिमा आणि नोंदी 2022 पासून ‘इंडियन व्हर्च्युअल हर्बेरियम’वर सर्वांना पाहता येतात. अशा नोंदी तयार करणे हे संगणकतज्ज्ञाचे काम असल्याचा समज रूढ असला, तरी हे काम करणाऱ्याने आधी रान तुडवलेले असावे लागते, हे त्यात पडलेल्या परिसंस्थाशास्त्राच्या अभ्यासकाला लवकरच कळून चुकते.

हूकर आणि थॉमसन या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकात जगभरच्या संग्रहांना वाटलेल्या नमुन्यांवरील एका छापील चिठ्ठीत स्थळ म्हणून ‘मलबार, कोंकण इत्यादी’ आणि संग्राहक म्हणून ‘स्टॉक्स, लॉ इत्यादी’ एवढाच मजकूर आढळतो. या मजकुरावरून अक्षांश-रेखांश ठरवायचे, तर केवळ नकाशावर बिंदू देऊन भागत नाही; तो बिंदू किती किलोमीटरने चुकलेला असू शकतो, ती अनिश्चिततेची त्रिज्याही नोंदवावी लागते. सह्याद्रीत या त्रिज्येला फार मोल आहे, कारण महाबळेश्वरला वर्षाकाठी सुमारे 6000 मिलिमीटर पाऊस कोसळत असताना घाटाखालच्या वाईला त्याचा लहानसा अंशच मिळतो; त्यामुळे बिंदू थोडा जरी पूर्वेला सरकला, तरी सदाहरित जंगलातील झाड कोरड्या माळावर जाऊन बसते आणि त्या नोंदीवरून हवामानबदलाचे गणित मांडणाऱ्याची फसगत होते.

जुन्या चिठ्ठीवरील विचित्र स्पेलिंगमागचे खंडाळा किंवा आंबोली ओळखायला त्या मुलखाची माहिती असलेला माणूसच लागतो, आणि असा माणूस हुगळीच्या काठी असणे ही काही नवी गोष्ट नव्हे: मालवणात जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर पुण्यातील महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची 1946 मध्ये उभारणी होण्यापूर्वी दीर्घकाळ कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते.

मात्र ओळख कितीही पक्की वाटली, तरी चिठ्ठीवरील मूळ शब्द जसेच्या तसे एका रकान्यात राखून, आपला अर्थ दुसऱ्या रकान्यात नाव आणि तारखेसह लिहावा लागतो, म्हणजे उद्या कोणाला अधिक माहिती मिळाल्यास त्याला तो अर्थ बदलता येतो.