आजोबांच्या आठवणी

गेल्या वैशाखांत एके सायंकाळीं नगरांत वळवाचा पाऊस कोसळला व वीज गेली. माघांत निवर्तलेल्या आजोबांच्या आठवणी आम्ही त्या वेळीं संगणकावर शुद्ध करीत होतों. दुसरी प्रत नव्हती. वीज आली, परंतु लिनक्स कांहीं उठेना. काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी उमटून राहिल्या. ‘सगळें पुसून नव्यानें भरा,’ असा एका स्नेह्यानें सल्ला दिला!

तबकडी शाबूत होती. लिहितां लिहितां वीज गेल्यानें, कोणता मजकूर कोठें आहे ही तिची खतावणी तेवढी विसकटली होती. एक्स्ट४ पद्धतींत रोजकीर्दही असते व एरव्हीं तिच्यावरूनच मेळ बसतो. या खेपेस बसला नाहीं. आम्हीं पेनड्राइव्हवरील लिनक्सनें यंत्र चालविलें, आधीं सबंध तबकडीची नक्कल घेतली, आणि मग खतावणी तपासण्याची ‘एफएससीके’ ही आज्ञा दिली. तबकडी वापरांत असतां ती देणें घातक. प्रत्येक चुकीपाशीं ती ‘दुरुस्त करूं काय?’ असें विचारी. आम्ही भीत भीत ‘वाय’ दाबीत होतों.

निनांवी तुकडे ‘लॉस्ट अँड फाउंड’ नामक कप्प्यांत केवळ आंकड्यांच्या नांवानें पडले होते. त्यांतल्या एकांत, १९७२ च्या दुष्काळांत आजोबा खडी फोडावयास गेले, तें प्रकरण निघालें. शेवटचीं दोन पानें गेलीं. तीं आतां आजी सांगते, आणि आजोबांच्या चुकाही काढते.