छातीतला दिवा

चहा सोडण्याची प्रतिज्ञा मी आयुष्यात अनेकदा केली आहे. ती दुपारच्या चारांपुढे टिकल्याचे मात्र स्मरत नाही. गेल्या वर्षी ऐन दिवाळीच्या तोंडावर ती चोवीस तास पाळावी लागली. जिना चढताना छातीवर पाटा ठेवल्यासारखे होई आणि थांबलो की उतरे. तीन महिने मी हे घरात कुणाला सांगितले नव्हते. शेवटी डॉक्टरांनी हृदयाचा न्यूक्लिअर स्कॅन सांगितला. पट्ट्यावर चालणे न जमल्यास औषधाने रक्तवाहिन्या रुंदावतात, आणि कॅफीन त्या औषधाच्या आड येते. म्हणून चहा बंद!

दिवस वसुबारसेचा. इंजेक्शन देणारा मुलगा बोलका होता. "काका, सकाळीच ताजी धार काढलीय!" तो म्हणाला. शिशाच्या कवचात मॉलिब्डेनम असते. त्याचे आपोआप टेक्नेशियम होत राहते. मिठाचे पाणी सोडून ते रोज काढून घ्यायचे. त्या भांड्याला ही मंडळी चक्क गाय म्हणतात! मेंडेलीव्हच्या तक्त्यातली त्रेचाळीसावी जागा कितीतरी वर्षे रिकामी होती. 1937 साली पालेर्मो येथे सेग्रे आणि पेरिए यांना तिचा मालक सापडला. तोच आता माझ्या दंडात शिरणार होता.

पट्ट्यावर धाप टिपेला पोचली तेव्हा सुई टोचली. रक्त जाईल तिथे हे औषध जाते आणि तिथेच चिकटून बसते; म्हणून धापेच्या क्षणाचे चित्र पुढे तासाभराने निवांतपणे काढता येते. हात डोक्यावर घेऊन पडलो. कॅमेरा छातीभोवती हळूहळू फिरला. त्यातून किरण येत नाहीत बरे का! किरण माझ्यातूनच निघत होते. मग काही तासांची विश्रांती, पुन्हा सुई, पुन्हा चित्रे.

निघताना बजावले, "आज गरोदर बाईच्या जवळ बसू नका." आणि घरी लेक पहिल्या बाळंतपणाला आलेली! गाईवासराच्या पूजेचे तबक घेऊन ती दारातच उभी होती.

"बाबा, काय म्हणाले?"

"तिथंच थांब," मी ओरडलो. इतक्या मोठ्याने तिच्यावर मी कधी ओरडलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी चित्रे दाखवली. श्रमाच्या चित्रात पुढच्या भिंतीचा एक तुकडा फिकट होता. विश्रांतीच्या चित्रात तो भरून आला होता. "मेलेला भाग दोन्हीकडे रिकामा दिसतो," ते म्हणाले. "हा जिवंत आहे, उपाशी आहे." दिवाळी झाल्यावर अँजिओग्राफी ठरली.

"तीन महिने?" सौभाग्यवती एवढेच म्हणाली आणि आत गेली. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाजही आला नाही. मग अर्धा कप चहा आला.

संध्याकाळी मी ओसरीवर हिशेब करीत बसलो. टेक्नेशियम सहा तासांत निम्मे होते. चोवीस तासांत चारदा निम्मे, म्हणजे सोळावा हिस्सा; शिवाय शरीराबाहेर गेले ते निराळेच...

हिशेब पुरा होण्याआधीच लेक शेजारी येऊन बसली होती.