जिभेला हाड असलेले शेजारी

गोव्याला जायचं म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? समुद्र, वाळू, माड आणि काजू, हो ना? पुढच्या वेळी मात्र आई-बाबांकडे एका सकाळचा हट्ट धरा. पणजीजवळच्या रायबंदरहून फेरीबोटीत बसलात, की मांडवी ओलांडून चोडण बेटावर पोचता. तिथेच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. १९८८ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचं. पण पाहावं तिकडे खारफुटीच खारफुटी! तिथून कुंभारजुवे कालवाही फार लांब नाही. मांडवी आणि झुआरी या दोन नद्यांना जोडणाऱ्या या कालव्यात होडीतून फिरता येतं. आणि त्यात राहतात मगरी!

थंडीच्या दिवसांत, ओहोटीच्या वेळी, एखादी मगर काठावरच्या चिखलात ऊन खात पडलेली दिसते. कधी कधी तोंड चांगलं आ वासलेलं असतं. होडी लांबच राहू द्या, दुर्बीण लावा आणि तिची जीभ शोधा. सापडत नाही ना? हरकत नाही. सुमारे २,४०० वर्षांपूर्वी हिरोडोटस नावाच्या ग्रीक इतिहासकारानं मगरीला जीभच नसते असं लिहून ठेवलं होतं!

पण जीभ असते. चांगली रुंदही असते. मात्र खालच्या जबड्यात चटई अंथरावी तशी ती तळाला चिकटलेली असते. त्यामुळे मगरीला ती बाहेर काढता येत नाही. कुणाला वेडावून दाखवायची सोयच नाही बिचारीला! म्हणून ही जीभ निरुपयोगी आहे असं मात्र समजू नका. तिच्या मागच्या बाजूला एक झडप असते. ती बंद झाली की घशात पाणी शिरत नाही, म्हणून मगर पाण्याखालीही तोंड उघडू शकते. शिवाय मगरींच्या जिभेवर मिठाच्या ग्रंथी असतात. अंगातलं जादा मीठ त्या बाहेर टाकतात. भरतीचं खारं पाणी आत येणाऱ्या ठिकाणी राहायचं, तर ही सोय हवीच की!

आता दुर्बीण जरा वर करा. खारफुटीच्या फांदीवर तो निळा खंड्या बसलाय, पाहिलात? हा मगरीचा नातेवाईक आहे असं सांगितलं तर हसाल. पण ते खरं आहे. आज जिवंत असलेल्या प्राण्यांत मगरींच्या सगळ्यांत जवळचे नातेवाईक म्हणजे पक्षी. पाल नाही, साप नाही, कासवही नाही! सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज एकच होते. मग वाटा फुटल्या. एका वाटेवर मगरी आल्या, दुसऱ्या वाटेवर डायनोसॉर आणि त्यांच्यातून पक्षी. आकाशात उडणारे टेरोसॉर हेही त्या दुसऱ्या वाटेचेच प्रवासी, डायनोसॉरचे चुलतभाऊ म्हणा ना.

मग या घराण्यात जुनी जीभ कुणाची? मगरीची की पक्ष्याची? पंचाईत अशी, की जीभ मांसाची, ती दगडात क्वचितच टिकते. पण तिच्या मुळाशी असलेली बारीक हाडं टिकतात. हनुवटीखाली, गळ्याच्या वरच्या बाजूला बोट ठेवून आवंढा गिळा. काहीतरी वर-खाली सरकतं ना? तिथेच आपलंही असं एक हाड आहे. २०१८ साली चीन आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी ही हाडं एकमेकांशी ताडून पाहिली. आजचे पक्षी आणि अमेरिकेतल्या ॲलिगेटर मगरी एका बाजूला. डायनोसॉर, टेरोसॉर आणि प्राचीन पक्षी यांचे जीवाश्म दुसऱ्या बाजूला. त्यातले बरेच जीवाश्म ईशान्य चीनमधले.

काय आढळलं? बहुतेक डायनोसॉरांची ही हाडं मगरीसारखीच आखूड आणि साधी होती. टिरॅनोसॉरस रेक्सचीसुद्धा! म्हणजे सिनेमात जीभ वळवळवत डरकाळ्या फोडणारा टी-रेक्स विसरा. त्याची जीभ बहुधा तळालाच चिकटलेली होती. पण टेरोसॉर, पक्ष्यांसारखे डायनोसॉर आणि पक्षी यांच्यात ती हाडं लांब झाली, नाना आकारांची झाली, जीभ मोकळी झाली.

असं का झालं असेल? शास्त्रज्ञांचा एक अंदाज मोठा गमतीचा आहे. हातांचे पंख झाले, की खाणं धरायला, उलटंपालटं करायला हात उरत नाहीत. मग ते काम जिभेनं उचललं असावं! हा अजून अंदाजच आहे, बरं का. कारण ट्रायसेराटॉप्ससारख्या पंख नसलेल्या शाकाहारी डायनोसॉरांतही ही हाडं गुंतागुंतीची झाली होती. तिथे कारण बहुधा पाला चावण्याचं असावं.

आपण म्हणतो, 'जिभेला काही हाड आहे की नाही?' पक्षी म्हणतील, 'आहे तर!' त्यांच्या जिभेच्या आत खरोखरच हाड असतं, अगदी बडबड्या पोपटाच्यासुद्धा. आणि त्या मोकळ्या जिभेची किती रूपं! माडाच्या खोडावर टकटक करणारा सुतारपक्षी पाहा. त्याच्या जिभेच्या हाडांची लांब टोकं कवटीला मागून वळसा घालून डोक्यावरून पुढे येतात, म्हणून जीभ भोकात खोलवर जाते. जास्वंदीवरच्या शिंजीराची जीभ नळीसारखी, मध ओढायला. पण खंड्या आणि पाणकावळा अख्खा मासा गिळतात, त्यांची जीभ इवलीशी. वापरायची गरज नाही, तर वाढवायची कशाला?

कालव्याजवळच्या दुर्भाटला पौष अमावास्येला चिखलाची मगर थापून तिची पूजा करतात. शेताच्या बांधाकाठी मगर शेजारीण म्हणून राहते, हे त्या लोकांनी कधीच ओळखलंय. आपल्याकडेही सांगलीला कृष्णेत, चिपळूणला वाशिष्ठीत मगरी आहेत. २५ कोटी वर्षांपूर्वी फुटलेल्या दोन वाटांचे प्रवासी एकाच काठावर बसलेले तुम्हांला आज दिसतात, ते तो चिखल आणि ती झाडं शिल्लक आहेत म्हणून. काठावर भराव पडला, खारफुटी तुटली, तर खंड्या कदाचित उडून दुसरीकडे जाईल. मगरीनं कुठे जायचं?