अलास्का महामार्गावर

घाई नसलेला प्रवास धर्मगुरूच्या नशिबी क्वचितच येतो. पहाटेची मिस्सा, आजाऱ्यांच्या भेटी, शाळेच्या सभा, विवाहांच्या नोंदी यांत आमची पंचवीसहून अधिक वर्षे सरली. कॅनडातील एडमंटन शहरी राहणाऱ्या आमच्या पुतण्याने आग्रह धरला, बिशप महोदयांनी रजा मंजूर केली, आणि २०२४ च्या जुलै महिन्यात पुतण्या, त्याची पत्नी व आम्ही असे तिघे मोटारीने उत्तरेच्या अरण्यप्रदेशाकडे निघालो. सराईत माणसे हे अंतर तीन दिवसांत कापतात. आम्ही जायलाच नऊ दिवस घेतले.

डॉसन क्रीक या गावी अलास्का महामार्गाचा शून्य मैलाचा खांब आहे. १९४१ च्या डिसेंबरात जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अलास्काला जमिनीवरून जोडणारी वाट असावी, अशी निकड अमेरिकेला भासली. १९४२ च्या मार्च ते ऑक्टोबर या आठ महिन्यांत दहा हजारांहून अधिक सैनिकांनी अरण्य तोडून अडीच हजार किलोमीटरहून लांब कच्चा रस्ता काढला. त्यांतील सुमारे एक तृतीयांश कृष्णवर्णीय होते. त्या काळी त्यांच्या पलटणीही वेगळ्या ठेवीत. "आपल्याकडे ओढ्यावरचा पूलसुद्धा आठ महिन्यांत होत नाही," पुतण्या म्हणाला. आम्ही काही बोललो नाही.

फोर्ट नेल्सनच्या लोकांना त्याच वर्षीच्या मे महिन्यात वणव्यामुळे गाव सोडून जावे लागले होते. वाटेवर जुन्या वणव्यांची रानेही लागतात. काळे, निष्पर्ण स्प्रूस वृक्ष खांबांसारखे उभे, आणि त्यांच्या पायाशी फायरवीडची जांभळट गुलाबी फुले. आग लागून गेलेल्या भूमीवर ही वनस्पती प्रथम उगवते. युकॉन प्रांताने तिलाच आपले राज्यपुष्प मानले आहे.

पुढे मंचो सरोवराचे हिरवेनिळे पाणी कितीतरी वेळ सोबत करीत होते. लिआर्ड येथील उष्णोदकाच्या कुंडात उतरलो तेव्हा वज्रेश्वरीची आठवण झाली; मात्र येथे कुंडापर्यंत दलदलीवरून फळ्यांची वाट आहे, आणि अस्वल दिसल्यास काय करावे याच्या सूचना आहेत. पुतण्याच्या पत्नीने मोठ्या मायेने सुकटाची चटणी आणली होती. अस्वलाला वास लागू नये म्हणून खाद्यपदार्थ मोटारीत बंद ठेवावे लागतात. परिणामी अस्वल चटणीपासून दूर राहिले, आणि आम्ही नऊ दिवस त्या वासासह प्रवास केला. कुंडाच्या पुढे बायसनांचा एक कळप भर रस्त्यात रवंथ करीत उभा होता. भोंगा वाजवण्याचे धाडस कोणी केले नाही. अर्धा तास गेला. कोणाची काही हरकत नव्हती.

याच बाजूला महामार्गाला लागून लोअर पोस्ट नावाची छोटी वस्ती आहे. फाटा दिसताच पुतण्याने वेग कमी केला. "फादरकाका, थांबायचं?" आम्ही म्हणालो, "नको, उशीर होईल." उशीर कसला? तेथे रात्री अकरापर्यंत उजेड असतो.

वाचकांस कारण सांगितले पाहिजे. लोअर पोस्ट येथे १९५१ पासून १९७५ पर्यंत मूलनिवासी मुलांची निवासी शाळा होती. पैसा सरकारचा, व्यवस्था आपल्या ख्रिस्तसभेची, ऑब्लेट संघाच्या धर्मगुरूंची. कॅनडाभर अशा शाळांतून सुमारे दीड लाख मुले गेली. अनेकांना आईबापांपासून तोडून आणले होते, मातृभाषा बोलण्यास मज्जाव होता. मारहाण झाली, अत्याचार झाले, कित्येक मुले परतलीच नाहीत. सत्य व सलोखा आयोगाने २०१५ साली हे सारे नोंदवले. २५ जुलै २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी एडमंटनच्या दक्षिणेस मास्क्वाचीस येथे क्षमा मागितली. आमच्या पूर्वजांनाही श्रद्धा परकीयांच्या हातून मिळाली आणि तो इतिहासही निर्मळ नाही. पण आमची बोली आमच्या घरात राहिली, मुले आईच्या कुशीत राहिली. ही मोठी गोष्ट आहे, हे आम्हांला वसईत कधी सुचले नव्हते.

वॉटसन लेक हे युकॉनमधील पहिले गाव. १९४२ साली घराच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या एका अमेरिकन सैनिकाने तेथे आपल्या गावच्या नावाची पाटी लावली. आज तेथे ऐंशी हजारांहून अधिक पाट्यांचे जंगल झाले आहे. पुतण्यानेही 'वसई' अशी देवनागरी पाटी ठोकली. दरम्यान आम्ही कपडे घेऊन नाण्यांवर चालणाऱ्या लॉन्ड्रीत गेलो.

तेथे सत्तरीच्या घरातील एक कास्का बाई चादरींच्या घड्या घालीत होत्या. कुठून आलात, त्यांनी विचारले. भारतातून. काय करता? आम्ही उत्तरलो, "शिकवतो." हे खोटे नव्हे. धर्मशिक्षणाचे वर्ग आम्ही घेतोच. त्या म्हणाल्या, "मीही शाळेत होते. खाली, लोअर पोस्टला." चादरीची टोके जुळवीत त्या पुढे बोलल्या, "फार काही शिकले नाही. ही घडी तेवढी तिथंच शिकले." घडी खरोखर रेखीव होती. आम्ही "हं" म्हटले, दुसरे काही सुचले नाही. त्या टोपली उचलून गेल्या. आमची कॉलर तंबूतल्या पिशवीत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हीच पुतण्याला मोटार मागे वळवायला सांगितले. वीसपंचवीस किलोमीटरचे अंतर. शाळेची इमारत आता नाही. तेथील लोकांच्या मागणीवरून ती २०२१ साली पाडली. जवळून लिआर्ड नदी वाहते. आम्ही मनातल्या मनात प्रभूची प्रार्थना सुरू केली आणि मध्येच थांबलो. येथे ती कोणत्या भाषेत, कोणाच्या धाकाने पाठ करवून घेतली असेल, हा विचार पुढचे शब्द येऊ देईना. डास फार होते. पुतण्याची पत्नी मोटारीतून उतरली नाही.

पुढील प्रवास सुंदर होता. व्हाइटहॉर्सनंतर हेन्स जंक्शन येथे 'अवर लेडी ऑफ द वे', म्हणजे वाटेवरच्या मातेचे, छोटे चर्च आहे. महामार्ग बांधून सैन्य निघून गेल्यावर मागे उरलेल्या अर्धगोल छपराच्या पत्र्याच्या झोपडीतून ते १९५४ साली एका मिशनरी धर्मगुरूंनी उभारले. येणाऱ्याजाणाऱ्यांचे ते लाडके आहे. आम्हांलाही आवडले, हे लपवत नाही. क्लुआनी सरोवराकाठी धुळीचे लोट उठत होते. सरोवराला पाणी पुरवणाऱ्या स्लिम्स नदीचा प्रवाह २०१६ साली हिमनदी मागे सरल्यामुळे बहुतांशी दुसऱ्या नदीकडे वळला. उघड्या पडलेल्या पात्रातली ती धूळ.

परतताना वॉटसन लेकला मुक्काम नव्हता, तरी आम्ही थांबायला लावले. कॉलर घातली, चार कपडे घेतले आणि लॉन्ड्रीत गेलो. आत दोन ट्रकचालक होते. त्या बाई कोठे राहतात, हे विचारावे की नाही ते ठरेना. नावही आम्ही विचारून घेतले नव्हते. यंत्रात नाणी टाकून कपडे धुऊन होईपर्यंत बसून राहिलो. मग बाहेर पुतण्याने मोटार सुरू केली.